गर्भिणीचं पान

आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या मुलींशी बोलताना हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. दिवस गेले की डॉक्टर लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून देतात. घरी सासूबाई म्हणतात, "आम्ही कुठं गोळ्या खाल्ल्या? खारीक-खोबरं खा, तूप खा, झालं." मुलगी दोन्हीकडं बघते आणि विचारते, "मावशी, नैसर्गिक ते चांगलं ना? मग ही केमिकल कशाला पोटात घालायची?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिच्या पोटात दुसरा जीव आहे, म्हणून ती विचारते. पण "नैसर्गिक" आणि "गोळी" ही दोन टोकं आहेत असं धरून चाललं तर उत्तर चुकतं. ती गोळी आली कुठून, याचा इतिहास आपल्याच भागातल्या बायकांच्या जेवणातून सुरू होतो, आणि तो आपल्याला कुणी सांगितलेला नसतो.

आधी जुन्या काळाकडं जाऊ. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा महिन्यामहिन्याचा आहार दिलेला आहे. पहिल्या महिन्यात साधं दूध, तिसऱ्यात मध आणि तूप घातलेलं दूध, चौथ्यात दुधाबरोबर लोणी, आठव्यात तूप घातलेली दुधातली पेज. कोणत्या महिन्यात काय पचेल, काय अंगी लागेल, याचा विचार त्यात दिसतो. दौहृद हा शब्दही तिथलाच. आईचं एक आणि बाळाचं एक, अशी दोन हृदयं जिच्यात आहेत ती. आपले "डोहाळे" त्याच कुळातले.

जैन परंपरेतही हा विषय आहे. श्वेतांबर बांधवांच्या कल्पसूत्रात त्रिशलामाता गर्भवती असतानाचं वर्णन येतं. तिचं जेवण फार थंड नाही, फार गरम नाही, फार तिखट, आंबट किंवा कडू नाही, आणि ऋतूला धरून आहे. भीती, शोक आणि दगदग यांपासूनही ती दूर राहते. आपल्या दिगंबर घरांत ते सूत्र वाचत नाहीत, आपल्याकडं मातेची स्वप्नंसुद्धा चौदा नसून सोळा. पण बेताचं आणि ऋतूप्रमाणे खावं, ही शिकवण दोन्हीकडची एकच.

आपल्या बायकांनी त्यातही स्वतःची वाट काढली. मध आणि लोणी आपल्याला वर्ज्य. म्हणून जैन स्वयंपाकघरात मधाच्या जागी गूळ आला, लोण्याच्या जागी तूप आलं. पोथीतलं जसंच्या तसं उचललं नाही, आपल्या व्रताला धरून बदलून घेतलं. हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्रिशला ही राणी होती. चरकांनी सांगितलेलं दूध, तूप आणि लोणी रोज परवडणाऱ्या घरंही मोजकीच. बाकीच्या बायकांचं काय?

आपल्याकडं सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, कन्नड शेजारणींकडं कुबसा होतो. हिरवी साडी, हिरवा चुडा, ओटी, पाच प्रकारचे भात, करंज्या, लाडू. त्या दिवशी तिला पाटावर बसवून आग्रह करकरून वाढतात. तो एक दिवस. उरलेले दिवस कसे असायचे, ते जुन्या बायकांना विचारा. पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सासू, आणि शेवटी उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी बसणारी ती. पालेभाजी तळाला गेलेली, दूध विरजणाला लावलेलं. त्यात काही घरांत समजूत अशी, की जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि सुटका अवघड जाते, म्हणून शेवटच्या महिन्यांत हात आखडूनच वाढायचं. सुटकेची ती भीती खरी होती. जवळ दवाखाना नाही, डॉक्टर नाही, अडली तर सगळं संपलं. पण त्या भीतीपायी आईचं रक्त आटायचं. "गरोदरपणात बाई पांढरी पडतेच," असं म्हणून ते सोडून द्यायचे.

हे पांढरं पडणं सोडून न देणारी एक बाई 1928 साली मुंबईत आली. तिचं नाव लूसी विल्स. 1888 चा जन्म, इंग्लंडची. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली, पुढं लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून 1920 मध्ये डॉक्टर झाली. हिंदुस्थानात बाळंतपणात इतक्या बाया का मरतात याची चौकशी तेव्हा सुरू होती. मार्गारेट बाल्फर या डॉक्टरीणबाईंनी विल्सना त्या कामावर बोलावलं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचं काम सुरू झालं.

मुंबईतल्या गरीब घरांतल्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर पांडुरोग होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं नको तितक्या मोठ्या. धाप लागायची, अंगावर सूज यायची, पुष्कळ जणी त्यातच जायच्या. विल्सबाईंनी आधी जंतूंचा शोध घेतला. मग त्या बायकांच्या जेवणाकडं वळल्या. मेहता आणि तळपदे या आडनावांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 1930 मध्ये आपले निष्कर्ष छापले. कोणत्या घरची बाई काय खाते, कशी राहते, याची त्यात बारकाईनं नोंद होती. ज्यांच्या ताटात दूध, फळं आणि भाज्या फारच कमी, त्यांच्यात हा रोग जास्त. गरीब मुसलमान बायकांत तो अधिक दिसला.

औषध शोधताना त्यांनी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. आपल्या अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला ते बोचतं, आणि बोचावं. पण इतिहास सांगायचा तर तेही सांगावं लागतं.

त्या काळी अशा पांडुरोगावर प्राण्यांच्या काळजाचा अर्क देत. तो महाग, आणि आपल्याकडच्या कित्येकींना चालणारच नाही असा. विल्सबाईंना स्वस्त आणि सहज मिळणारं काही हवं होतं. त्यांनी मार्माइट देऊन पाहिलं. बीअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात. अंथरुणाला खिळलेल्या बायकांची काही दिवसांतच भूक परतली, रक्त वाढू लागलं. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये आणि काळजात असलेला हा घटक कोणता, ते तेव्हा कळलेलं नव्हतं. बरीच वर्षं त्याला "विल्स फॅक्टर" म्हणत.

आता पुढचा भाग ऐका, तो आपल्या मनासारखा आहे. 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी हाच घटक वेगळा काढला, तो चार टन पालकातून. पानातून निघाला म्हणून नाव ठेवलं फॉलिक ॲसिड. लॅटिन भाषेत फोलियम म्हणजे पान. पुढं चार वर्षांत तो प्रयोगशाळेत तयारही झाला. ते काम अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत झालं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. मुंबईच्या बायकांच्या ताटातली उणीव एका इंग्रज बाईनं ओळखली आणि ती भरून काढणारी गोळी एका तेलुगू माणसाच्या हाताखाली तयार झाली.

म्हणून मुलींनो, ती गोळी म्हणजे पालेभाजीला परकं असं काही नव्हे. पानातलंच ते, मोजून दिलेलं.

मग नुसती पालेभाजीच का खाऊ नये? खा, रोज खा. पण दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे हा घटक उष्णतेनं नाश पावतो आणि पाण्यात उतरतो. भाजी फार शिजवली, उकळून पाणी टाकून दिलं, की बराचसा निघून जातो. दुसरी अडचण वेळेची. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यापासून घडतो ती नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. ज्यांना आधी असं दोष असलेलं मूल झालं होतं, अशा बायकांना फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण सुमारे 72 टक्क्यांनी घटलं, हे 1991 मध्ये सात देशांत झालेल्या अभ्यासातून सिद्ध झालं. म्हणून डॉक्टर ही गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायला सांगतात.

आता आपल्या जैन घरांचा खास प्रश्न. चातुर्मासात आपल्याकडं पुष्कळजणी पालेभाज्या सोडतात, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य करतात. पावसाळ्यात पानावर सूक्ष्म जीव फार, त्यामागचा विचार उघड आहे. पण पोटुशी बाईनं काय करायचं? आपण भाद्रपदात षोडशकारण भावना म्हणतो. त्या सोळांत "शक्तितस्त्याग" आहे आणि "शक्तितस्तप" आहे. त्याग आणि तप, दोन्हींच्या आधी शक्ती हा शब्द घातला आहे. गर्भिणीची शक्ती दोन जिवांत वाटली गेलेली. तिनं कडक उपास करणं आणि बाकीच्यांनी "केवढी श्रद्धा!" म्हणून कौतुक करणं, हे मला तरी पटत नाही. ज्यांना नेम सोडायचाच नाही त्यांनी मूग, मसूर, हरभरा, चवळी आणि शेंगदाणे वाढवावेत. हाच घटक डाळी-कडधान्यांतही भरपूर असतो. सूर्यास्ताआधी जेवायचं असेल तर दिवसातून चार वेळा थोडं थोडं खावं, म्हणजे रात्र लांब वाटत नाही.

दुसरा प्रश्न बी-12 जीवनसत्त्वाचा. हे कुठल्याच पालेभाजीत, डाळीत किंवा धान्यात भरवशानं मिळत नाही. शाकाहारी बाईला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळतं. जिच्या ताटात दूध नाही तिला ते कमी पडतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-12 ची उणीव आत तशीच राहते आणि नसांना इजा करते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. ज्या आयांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळं वारंवार येत होती, त्यांची बाळं वजनानं चांगली निघाली. ज्यांच्या रक्तात फॉलेट जास्त पण बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत पुढं मधुमेहाकडं नेणारी लक्षणं सहाव्या वर्षीच दिसली. म्हणून बी-12 ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. औषधातलं बी-12 मांसातून काढत नाहीत, ते जिवाणूंपासून आंबवून तयार करतात. कॅप्सूलचं वेष्टन मात्र बहुधा प्राण्यांच्या जिलेटिनचं असतं. तेव्हा दुकानदाराकडं गोळीच मागा.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना रोज दिला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. ज्यांनी तो गर्भधारणेआधी तीन महिने किंवा जास्त खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅम जास्त भरलं. 48 ग्रॅम म्हणजे फार नव्हे. पण गरोदरपणात होणारा मधुमेहही खाऊ खाणाऱ्यांत बराच कमी आढळला. कुठलीही महाग पावडर नाही, बाजारात मिळणारी भाजीच.

एवढं सगळं कळूनही आकडा काय सांगतो? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना 1970 पासून आहे. आज गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक गोळी मिळते. त्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळी घरात येते आणि डब्यात पडून राहते. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बाई घाबरते. काळं होणं हे लोहामुळं, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्रीच्या वेळी घ्यावी, किंवा डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी, पण परस्पर सोडू नये. चहा आणि दुधाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी, आवळा किंवा पेरू बरोबर असला तर चांगलं. भाकरीबरोबरच्या शेपू-मेथीवर लिंबू पिळायची जुनी सवयही त्यासाठीच उपयोगी.

आज्जीच्या डब्यातलं काही टाकून द्यायचं नाही. ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, तीळ, नाचणीची आंबील, खारीक, बाळंतपणानंतर अळीव आणि डिंकाचे लाडू, सगळं राहू दे. पण त्याच्या शेजारी ती लाल गोळीही असू दे. आणि घरातल्या थोरल्या बायकांना माझं एकच सांगणं आहे. सुनेला दिवस गेले की, किंवा त्याच्याही आधी, तिचं पान पहिल्या पंगतीत मांडा. भाजी पातेल्याच्या तळाला जायच्या आत तिच्या पानात पडली पाहिजे. लूसी विल्सना मुंबईत जी उणीव सापडली ती कुठल्या दुर्मीळ औषधाची नव्हती. बाजारात भाजी होती, गोठ्यात दूध होतं, तिच्या पानात ते नव्हतं.