उतारशाळेची सेवा

चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावर प्रवचन करताना आपण बहुधा जखमा बांधण्यापाशी थांबतो. लूक मात्र पुढे जातो. जखमी मनुष्यास उतारशाळेत नेले जाते, पुढील दिवसांच्या खर्चाची सोय होते आणि शोमरोनी परत येण्याचे वचन देतो. उपचारानंतरच्या शुश्रूषेचा इतिहास येथून वाचावयास हवा.

चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलाने उभारलेल्या वसाहतीत औषध व आसरा एकत्र होते. पुढे रुग्णालये वाढली आणि दोहोंत अंतर पडले. १९६० नंतरच्या दशकात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असता बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच व्याधी घेऊन परततात, हे त्यांस दिसले. म्हणून १९७० साली जामखेड येथे त्यांनी गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकविण्याचा मार्ग धरला. त्यांचा पहिला भर माता व बालके यांवर होता. परंतु शुश्रूषेची खरी जागा घर होय, हे तत्त्व वृद्धांसही तितकेच लागू पडते.

संतपूरच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बीदर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर मुंबई राज्यात. यामुळे औराद तालुक्यातील मराठी घरात रुग्णालयाचा कागद येतो तो इंग्रजीत, डॉक्टरांची सूचना कधी कन्नडात, तर हैदराबादेस गेल्यास तेलुगूत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजीस लवकर उभे करावयाचे असते. घरची माणसे मायेपोटी तिला निजवून ठेवतात. स्नायू झिजतात, पाठीस जखमा होतात. जुन्या गोळ्या बंद करावयाच्या असूनही नव्यांबरोबर चालू राहतात. येथे उणीव प्रेमाची नसते, समजावून सांगणाऱ्याची असते.

आज शासनाच्या योजनेत आशा कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी जाते. घरी परतलेल्या वृद्धासाठी पाळकाने व धर्मशिक्षकाने असेच दिवस ठरविण्यास काय हरकत आहे? प्रार्थनेपूर्वी तो कागद जाणकाराकडून समजून घेऊन मराठीत सांगावा, पुढील तपासणीची तारीख विचारावी, आजी किती पावले चालली ते पाहावे, ताटात डाळ, दूध वा अंडे आहे की नाही हेही पाहावे. आणि निघताना पुन्हा येण्याचा दिवस सांगावा. शोमरोन्याची सेवा त्याच वचनाने पूर्ण झाली होती.