शिकतां शिकतां कमावणें

वार लावून जेवणारा विद्यार्थी महाराष्ट्राला परका नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनें तर स्वावलंबी शिक्षण हेंच आपलें ब्रीद मानिलें. अमेरिकेच्या कायद्यानें मात्र परदेशी विद्यार्थ्याच्या श्रमाकडे दीर्घकाळ संशयानें पाहिलें. हा संशय कोठून आला आणि तो कितपत निवळला, हें पाहण्याजोगें आहे.

त्याचें मूळ सन १८८२ च्या कायद्यांत सांपडतें. त्या कायद्यानें चिनी मजुरांना अमेरिकेचें दार बंद केलें. विद्यार्थ्यांना तें उघडें राहिलें. मग विद्यार्थी म्हणावें कोणाला? सन १९०० मध्यें तेथील अर्थखात्यानें याचें उत्तर दिलें: जो उच्च विद्येसाठीं आला आहे, ज्याच्या निर्वाहाची तरतूद झालेली आहे, आणि विद्या संपतांच जो स्वदेशीं परतणार आहे, तोच विद्यार्थी. हातानें कमावूं लागलेला विद्यार्थी मजुरांत जमा होईल, ही भीति त्या व्याख्येंतच दडलेली होती.

ती व्याख्या चिनी विद्यार्थ्यांपुरती होती. सन १९२२ मध्यें अमेरिकेस गेलेले जयप्रकाश नारायण द्राक्षांच्या मळ्यांत राबून आणि उपाहारगृहांत भांडीं घासून शिकले. परंतु सन १९२४ च्या कायद्यानें परदेशी विद्यार्थ्यांचा एक स्वतंत्र वर्ग केला. देशवार ठरविलेल्या संख्येच्या मर्यादेंतून त्यांना वगळलें खरें. पण प्रवेश केवळ अध्ययनासाठीं, ही अट घातली. पुढें मंदी आली. लक्षावधि अमेरिकन बेकार असतां सन १९३२ मध्यें मजूरखात्याचे मंत्री विल्यम डोक यांनीं परदेशी विद्यार्थ्यांच्या अर्थार्जनावर बंदीचा हुकूम काढला. एका व्याख्येंतील भीति आतां सर्वांनाच लागू झाली.

ही गांठ सैल झाली ती विद्यार्थ्याची गरज पाहून नव्हे, तर विद्येची गरज पाहून. सन १९४७ च्या नियमानें, शिक्षणसंस्थेनें शिफारस केल्यास, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठीं सहा महिन्यांची परवानगी मिळूं लागली; ती दोनदां वाढवितां येई. श्रमाला प्रवेश मिळाला, पण शिक्षणाचा पोशाख घालून.

आजच्या नियमांतही तोच पोशाख दिसतो. सत्र चालू असतां विद्यापीठाच्या आवारांत आठवड्याला २० तास काम करितां येतें. अभ्यासक्रमाचें अविभाज्य अंग असलेलें काम बाहेरही करितां येतें. मात्र तें पूर्णवेळ १२ महिने केल्यास त्याच पातळीवरील पदवीच्या ऐच्छिक अनुभवकालाचा हक्क जातो. केवळ पोटासाठीं बाहेर काम करावयाचें, तर निदान एक शैक्षणिक वर्ष पुरें झालेलें असावें लागतें, आणि ओढवलेली आर्थिक अडचण अकल्पित असावी लागते.

या 'अकल्पित' शब्दांत सारें मर्म आहे. मध्येंच संकट कोसळलेल्या विद्यार्थ्याची कायदा दखल घेतो. जो मुळांतच गरीब आहे, त्याला मात्र निर्वाहाची तरतूद दाखविल्यावांचून उंबरठाच ओलांडतां येत नाहीं. मजूर आणि विद्यार्थी यांच्यामध्यें सन १९०० मध्यें ओढलेली ती रेघ पुष्कळ पुसट झाली आहे. पण ज्याला दोन्ही होऊनच शिकतां येतें, त्याच्या वाटेंत ती अजून आडवी आहे.