साहित्य महामंडळ : घटक संस्थांची स्वायत्तता आणि केंद्रसत्ता

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ ही मराठीतल्या प्रादेशिक साहित्यसंस्थांची शिखर संस्था. स्थापना १९६१. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), नागपूरचा विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आणि मराठवाडा साहित्य परिषद (१९४३) या तिच्या चार घटक संस्था. महाराष्ट्राबाहेरच्या काही संस्थाही तिच्याशी जोडलेल्या आहेत. हिंगोली जिल्हा मराठवाडा साहित्य परिषदेच्या कार्यक्षेत्रात येतो. शिखर संस्थेने काय ठरवायचे, घटक संस्थेने काय आणि जिल्ह्याच्या हाती काय उरते, यावरून या रचनेत सतत ओढाताण होत आली आहे.

महामंडळ आपल्या चारही घटकांपेक्षा वयाने लहान आहे, आणि पुढचे बरेच काही या एका गोष्टीवरून उलगडते. या संस्था जन्मल्या तेव्हा मराठी मुलूख एका राज्यात नव्हता. विदर्भ मध्य प्रांतात होता, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राज्यकारभार उर्दूत चालत असताना मराठीत लिहिणाऱ्यांनी नांदेडला एकत्र येऊन आपली परिषद उभी केली. त्यामागे साहित्यप्रेम होते, तसा भाषिक अस्तित्वाचा झगडाही होता. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, महामंडळ त्यानंतरचे. त्यामुळे महामंडळाने घटकांना अधिकार वाटून दिले, असे म्हणता येत नाही. घटकांनीच आपल्या अधिकारातला थोडा भाग महामंडळाला दिला.

म्हणूनच महामंडळाला कायमचे ठाणे नाही. दर तीन वर्षांनी त्याचे कार्यालय एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते आणि अध्यक्षपदही त्याच संस्थेकडे येते. २०१६ मध्ये ते पुण्याहून नागपूरला गेले, २०१९ मध्ये औरंगाबादला, २०२२ मध्ये मुंबईला. कोणा एका शहराची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागचा हेतू न्याय्यच आहे. पण सूत्रे हाती असलेल्या संस्थेचा कल तीन वर्षे सगळ्या महामंडळाचा कल ठरतो, हेही खरे.

केंद्राची गरज सर्वांनी एकमुखाने मान्य केली ती शुद्धलेखनात. महामंडळाने तयार केलेले १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हिंगोलीच्या शाळेत एक ऱ्हस्व-दीर्घ आणि साताऱ्याच्या शाळेत दुसरे, असे चालणार नव्हते. इथे प्रादेशिक स्वायत्ततेचा आग्रह धरण्यात अर्थच नव्हता.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे तसे नाही. मांडव, भोजन, निवास, ग्रंथदिंडी हे सगळे यजमान गाव करते आणि पैसाही बव्हंशी तेच उभा करते. संमेलन मात्र महामंडळाचे असते. वाद पेटतात ते या सांध्यावर. महामंडळ औरंगाबादकडे असताना, कौतिकराव ठाले पाटील यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, ८२वे संमेलन थेट अमेरिकेत भरवण्याचा घाट घातला गेला. इथल्या वाचकाला तिथे कसे पोचता येणार, असा सवाल उभा राहिला आणि विरोध तीव्र झाला. शेवटी वाट दुभंगली. २००९ च्या फेब्रुवारीत सॅन होजेला गंगाधर पानतावणे यांच्या अध्यक्षतेखाली वेगळे विश्व साहित्य संमेलन झाले आणि ८२वे संमेलन महाबळेश्वरला भरले.

यवतमाळच्या संमेलनात जानेवारी २०१९ मध्ये उलट बाजूने कसोटी लागली. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण स्थानिक आयोजकांनी मागे घेतले. राज्यभर संताप उसळला, अनेक निमंत्रितांनी पाठ फिरवली आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अध्यक्षपदाची जबाबदारी हैदराबादच्या विद्या देवधर यांच्यावर आली. यजमानाला कार्यक्रमाची मोकळीक हवी, पण लेखकाला दिलेला शब्द मोडण्याची मोकळीक त्यात येत नाही. ती रेघ ओढण्याचे बळ शिखर संस्थेपाशी त्या दिवशी नव्हते, आणि ही या रचनेची सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव हिंगोलीतून अधिक स्पष्ट दिसते. महामंडळाच्या संदर्भात स्वायत्तता म्हणजे चार घटक संस्थांची स्वायत्तता. तिथून खाली ती झिरपलेली नाही. १९५६ पूर्वीच्या नकाशावर आखलेली ही कार्यक्षेत्रे आजही जवळपास तशीच आहेत. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये रत्नागिरीत कोकण मराठी साहित्य परिषद निघाली, तिने गावोगाव शाखा उभारल्या, तरी घटक संस्थांचा आकडा चारच राहिला. मग परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या, पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्याचा आवाज महामंडळापर्यंत जायचा तर मराठवाडा साहित्य परिषदेच्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) कार्यालयातूनच.

अखिल भारतीय संमेलन या जिल्ह्याच्या सर्वांत जवळ आले ते १९९५ मध्ये. परभणीला नारायण सुर्वे अध्यक्ष होते आणि हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी हिंगोली तालुक्यात आहे. नामदेवांच्या पंजाबातील वास्तव्याचे स्मरण म्हणून ८८वे संमेलन २०१५ मध्ये घुमानला झाले, सदानंद मोरे अध्यक्ष होते. तिथे पुस्तके खपणार नाहीत म्हणून प्रकाशकांनी हरकत घेतली, तरी महामंडळ ठाम राहिले. घुमानची निवड चांगलीच होती. तिच्या जोडीने नर्सीचाही विचार व्हायला हवा होता, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

संमेलनाध्यक्ष पूर्वी मतदानाने निवडला जाई. घटक संस्थांनी पाठवलेल्या याद्यांतून हजाराच्या आसपास मतदार ठरत. प्रचार आणि गटबाजीला कंटाळून महामंडळाने घटना बदलली आणि यवतमाळपासून अध्यक्ष एकमताने ठरू लागला. अरुणा ढेरे या पद्धतीने निवडलेल्या पहिल्या. नामवंत लेखक निवडणुकीच्या धुळवडीतून वाचले, हा लाभ निर्विवाद. पण हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या आजीव सभासदाचे नाव पूर्वी निदान मतदारयादीत येऊ शकत होते. आता नावे घटक संस्था सुचवतात आणि निवड महामंडळाच्या बैठकीत होते.