टेंभी नाक्यावरची मशीद

परवा कामासाठी डोंबिवलीहून ठाण्याला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून रमतगमत टेंभी नाक्यापर्यंत गेलो. तिथे जुन्या सिव्हिल हॉस्पिटलजवळ ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. १८७९ साली बांधलेलं, नाव 'शार हशमाईम', म्हणजे स्वर्गाचं दार. सध्या या दाराबाहेर पोलीस असतो. २००८ साली २६/११ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यूंना शोधून मारलं, तेव्हापासून अशा जागांवर पहारा असणं ओघानंच आलं.

शाळेत माझ्या बाकावर एक बेने इस्रायली मुलगा होता. त्याची आजी नऊवारी नेसायची आणि अस्सल अलिबागकडचं मराठी बोलायची. शनिवारी घरी गेलो की म्हणायची, "बस रे बाळा, मशिदीत जाऊन येते." मी घरी येऊन हे आईला सांगितलं, तर ती गोंधळलीच. ज्यू आणि मशिदीत?

पण खरंच, बेने इस्रायली लोक सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत आले. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मांडवीत बांधलं. आजूबाजूला वस्ती मुसलमानांची. 'मशीद बंदर' स्टेशनाचं नाव या 'जुन्या मशिदी'वरूनच पडलं असंही सांगतात. हे दिवेकर इंग्रजांच्या फौजेत असताना टिपूच्या कैदेत सापडले होते. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते 'बनी इस्राईल' हेच, असं टिपूच्या आईने ओळखलं आणि त्यांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका त्यांच्यात आहे. आख्यायिका खरी की खोटी, हा भाग सोडा. एक समाज आपल्या सुटकेचं श्रेय पिढ्यानपिढ्या एका मुसलमान बाईला देतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दारफळणीचा सण, खिरीचा सण ही त्यांच्या सणांची जुनी नावं थेट मराठी, आणि उपासाच्या महिन्याला शब्द मात्र 'रमजान'! एलियाहू हनाबीच्या नावाने करतात तो मलिदा. दर्ग्यातही मलिदाच असतो.

ठाण्याचा संबंध याहूनही जुना आहे. कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये शेकडो वर्षांचे जुने कागद साठून राहिले होते, त्यांना गेनिझा म्हणतात. त्यात बाराव्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं सापडली. त्यांपैकी महरूझ नावाच्या व्यापाऱ्याचं पत्र त्याच्या मेव्हण्याला आहे. मेव्हण्याला इकडच्या समुद्रात चाच्यांनी लुटलं होतं. महरूझ कळवतो की पैशाची गरज पडली तर ठाण्यात तिंबू नाखुदा आहे, त्याच्याकडून माझ्या नावावर घे, त्याची-माझी मैत्री अतूट आहे. लिहिणारा ज्यू, पैसे देणारा आपल्याकडचा जहाजमालक, भाषा अरबी आणि लिपी हिब्रू! ज्यू आणि अरब एकमेकांचे जन्मजात वैरी असते, तर ज्यूने मेव्हण्याला अरबीत पत्र लिहिलं असतं का?

म्हणून तो काळ सोन्याचा होता असं समजू नका. मुसलमानी राज्यांत ज्यूंना जिझिया भरावा लागे आणि छळाचेही प्रसंग आले. मात्र आजचं वैर मुख्यतः विसाव्या शतकातलं आहे. ते जमिनीवरून, १९४८ च्या युद्धातून, निर्वासितांच्या छावण्यांतून वाढत गेलं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली. त्यानंतर गाझात हजारो माणसं मेली, त्यात मुलं किती तरी. कुणाचंही दुःख दुसऱ्याच्या दुःखाने फिटत नाही.

आपल्या ठाण्या-अलिबागचे बहुतेक बेने इस्रायली १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथेही पूर्वग्रह वाट पाहतच होता. हे खरे ज्यू आहेत का, अशी शंका घेऊन तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांत अडथळे आणले. त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ साली त्यांचा बरोबरीचा दर्जा मान्य झाला. म्हणजे पूर्वग्रहाला परका धर्मच लागतो असं नाही.

त्यांच्यातले बरेच जण लोद गावात राहतात. तिथे ज्यू-अरब शेजार आहे. मे २०२१ मध्ये तिथे दंगल उसळली. सिनेगॉग जळली, एक अरब गोळीने मेला, एक ज्यू दगडफेकीत जखमी होऊन गेला. त्या ज्यू माणसाच्या घरच्यांनी त्याचे अवयव दान केले, आणि त्याचं मूत्रपिंड जेरुसलेमच्या एका अरब बाईला मिळालं. एका मूत्रपिंडाने शांतता येत नाही, हे मलाही कळतं. पण त्या घराने सूडाचा रस्ता धरला नाही, एवढं तरी झालं ना!

विश्वास भाषणाने येत नाही, रोजच्या व्यवहाराने येतो. दूर कशाला, भिवंडी बघा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेलं गाव. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं गल्लीगल्लीत एकत्र बसू लागली, एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. मागच्या वर्षी आमच्या इमारतीतला एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. एक मुसलमान जोडपं बघून गेलं. नवरा कल्याणच्या शाळेत शिक्षक, बायको गरोदर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "नको, उगाच कटकट." कुणी विरोध केला नाही. मीही नाही. चहा पिऊन घरी आलो आणि टीव्हीवर गाझाच्या बातम्या बघत हळहळलो!

टेंभी नाक्यावर उभा असताना ते जोडपं आठवलं. तिंबूने महरूझच्या मेव्हण्याला पैसे दिले की नाही, ते पत्रात नाही. पण त्याच्याकडे माणूस पाठवता येईल, असं तरी ठाण्याचं नाव तेव्हा होतं. आज कुणी कुणाला माझ्याकडे पाठवेल का?

पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा आहे. विषयपत्रिकेत एक विषय घालायचा अर्ज काल लिहून सेक्रेटरींकडे दिला. त्यांनी वाचला आणि काही न बोलता खिशात ठेवला. सभेत काय होतं ते कळेलच. निदान यावेळी मी गप्प बसणार नाही.