बोर्डी-कोसबाडची बालवाडी आणि आपण

यंदाच्या स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहावा अशी चिटणीसबाईंची आज्ञा होती. परंतु जुने अहवाल चाळीत असता आपल्या बालवाडीच्या पानांशी मी अडखळले. त्या पानांवर ‘खाऊ : चणे-गूळ’, ‘आज नखे काढली’, ‘चिंचोके एक शेर’, ‘सतरंजी दुरुस्तीस दिली’ अशा बारीकसारीक नोंदी आहेत. पांढरपेशा वस्तीतल्या मंडळाला ही नखे काढण्याची आणि चिंचोके मोजण्याची रीत शिकविली कोणी, हे शोधू लागले आणि थेट बोर्डीच्या समुद्रकिनाऱ्याशी जाऊन पोहोचले. तेव्हा मंडळाच्या इतिहासाऐवजी हा त्याच्या आधीचा इतिहास सांगते. चिटणीसबाईंनी रागावू नये.

माँटेसोरी हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? गुळगुळीत रंगीत ठोकळे, इस्त्रीचे कपडे आणि भरभक्कम फी! वास्तविक डॉ. मारिया माँटेसोरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो या कामकऱ्यांच्या वस्तीत उघडले. आईबाप दिवसभर कामावर जात, पोरे जिन्यांवर व बोळांत मोकाट फिरत आणि भिंती खराब करीत. म्हणून इमारतींच्या मालकांनाच ती कोठे तरी सांभाळली जावीत असे वाटले. म्हणजे या पद्धतीचा उगम गरिबांच्या जिन्यावरचा. जिना हा शब्द लक्षात ठेवावा, त्याच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

आपल्याकडे हे विचार रुजविणारे पहिले मोठे नाव गिजुभाई बधेका यांचे. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. गुजराथेत त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई म्हणत. १९२३ साली त्यांना येऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. १८९२ सालचा जन्म, १९१४ साली बी. ए., आणि राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या! त्या काळी एवढ्या मानाची जागा किती बायकांच्या वाट्याला येत होती? ती सोडून त्या तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. संसार मोडलेला होता, पदरात एक मुलगी होती. त्या निर्णयाला किती धैर्य लागले असेल, याचा अंदाज पुरुष चरित्रकारांपेक्षा आपणांस अधिक येईल.

१९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादरला शिशुविहार सुरू केले. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. काम वाढत होते, नाव होत होते. पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. येत होती ती सुखवस्तू घरांतली मुले. ज्या आईला मूल सोडून मजुरीला जावे लागते, तिच्या मुलाला या सर्वांचा उपयोग काय?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या गावी गेल्या. आचार्य भिसे यांचे शिक्षणकार्य तेथे आधीपासून चालू होते. त्याच वर्षी डहाणू-तलासरीच्या रानांत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकर तेथे आदिवासींना ताठ उभे राहावयास सांगत होत्या. दोन्ही कार्ये निराळी, मार्ग निराळे. परंतु एकाच मुलखात, एकाच साली, दोन मराठी स्त्रिया पोहोचल्या होत्या, याचे मला फार नवल वाटते.

ताराबाईंबरोबर बोर्डीस गेल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, पुढे हट्टाने शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी. १९४५ साली बोरिवलीच्या कस्तुरबा शिबिरात दोघींची गाठ पडली आणि मग ती सुटलीच नाही. ताराबाई योजणार आणि अनुताई चिखल तुडवीत घरोघर फिरणार, असे त्यांच्या कामाचे थोडक्यात वर्णन करता येईल. अर्थात ते पुरेसे न्याय्य नाही, कारण कोसबाडचा पुढचा कितीतरी भार एकट्या अनुताईंनी वाहिला.

बोर्डीस प्रथम गावात एका ठिकाणी बालवाडी काढली. जागा झाडली, खेळ मांडले. गावातली मुले आली. हरिजन वस्तीतली आली नाहीत. आपण असतो तर काय म्हटले असते? “त्यांना मुळी शिक्षणाची आवडच नाही!” हे वाक्य आपल्या मंडळाच्या सभेत मी स्वतः ऐकले आहे. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, झाडाखाली, खेळ नेऊन मांडले. आधी मुलांचे हातपाय धुवावयाचे, नाक पुसावयाचे, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची, मग गाणी-गोष्टी. आया दारातून पाहत. पाहता पाहता पुढे सरकत. मूल कसे न्हाऊ घालावे हे व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही, डोळ्यांसमोर दिसत होते. हीच अंगणवाडी. आज देशभर, कोणत्याही भाषेत, जो शब्द चालतो तो या अंगणातला.

साधनांचेही तसेच. माँटेसोरीबाईंची मूळ साधने महाग, खेड्यात कोण घेणार? मग शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बांबूच्या नळ्या, माती यांवरच मोजणे, जुळविणे, लहानमोठे ओळखणे सुरू झाले. आपल्या अहवालातल्या शेरभर चिंचोक्यांचा उलगडा मला येथे झाला!

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यभागी गेले. येथे नवी अडचण. सहा-सात वर्षांची मुले गुरे राखावयास जात आणि मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळीत. गुरांसाठी कुरणशाळा निघाली: शिक्षकानेच कुरणात जावे, गुरे चरत असता शिकवावे. मुलींसाठी जो तोडगा निघाला तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. तिला विकासवाडी म्हणत. कडेवरचे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली मुलगी शाळेत. आई निर्धास्तपणे कामावर. पाळणा नसता तर थोरलीची पाटी कोरीच राहिली असती.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ साली जाईपर्यंत त्या टेकडीवर राबत राहिल्या.

मधल्या काळात सरकारही जागे झाले होते. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आले आणि गावोगावच्या महिला मंडळांना बालवाड्यांसाठी अनुदान मिळू लागले. आपल्यासारख्या मंडळांत बालवाडी शिरली ती या वाटेने. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर काढले; पुढे ते मुंबई-पुण्यातही आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली: सहा वर्षांखालील मुले, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना पूरक आहार, लस, तपासणी आणि बालवाडीचे शिक्षण. एवढा मोठा गाडा ओढणाऱ्या सेविकेला मात्र सरकार पगार देत नाही, मानधन देते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरावयास २०२२ साल उजाडले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. पोरे सांभाळणे हे बाईचे अंगचेच काम, त्याला मोल कसले, ही समजूत केवळ पुरुषांची आहे असे मला म्हणता येत नाही.

आता आपल्याविषयी. इंग्रजी बालवर्ग आले, आपली मुले तिकडे गेली आणि सभागृहामागची बालवाडीची खोली खुर्च्यांची व मांडवाच्या कनातींची झाली. यात कोणाचा दोष नाही. पण आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बायांची मुले कोठे असतात? गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्यावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. येण्याजाण्यास अडचण होते म्हणून मी तिला खाली जाऊन बसावयास सांगितले. ती काही न बोलता उठली. शाळेची वेळ होती, हे माझ्या ध्यानात आले ते हा लेख लिहावयास बसल्यावर.

वार्षिक सभेपुढे मी ठराव ठेवीत आहे की, खुर्च्या गच्चीवरच्या खोलीत हलवाव्या आणि मागची खोली सकाळी आठ ते एक पाळणाघरास द्यावी. सांभाळणाऱ्या बाईस मानधन नव्हे, पगार द्यावा. त्यासाठी यंदाची सहल रद्द करावी लागेल, हे आधीच सांगून ठेवते. विरोध करणाऱ्या भगिनींनी अवश्य करावा, सभेत उत्तर देईन. ज्यांना मान्य असेल त्यांनी झोळ्यांसाठी मऊ, जुनी सुती लुगडी व साड्या धुऊन माझ्याकडे पोहोचत्या कराव्या. नायलॉनची नकोत.