दीर्घकालीन नीलानलिका

औषधे, रक्त किंवा पोषक द्रव दीर्घकाळ नीलेवाटे द्यावयाचे असल्यास हृदयाजवळच्या मोठ्या नीलेपर्यंत जी लवचिक नळी बसवितात, तीस दीर्घकालीन नीलानलिका म्हणतात. हातावरील नीला बारीक वा खोल असणे, अथवा वारंवार सुया टोचल्याने व दाहक औषधांमुळे त्या कठीण होऊन बुजणे, ही तिच्या वापराची प्रमुख कारणे होत. अर्भके, अतिस्थूल व्यक्ती आणि कर्करोगाचे रुग्ण यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते.

ऑक्सफर्ड येथे १६५६ मध्ये क्रिस्टोफर रेन यांनी पिसाची पोकळ दांडी व प्राण्याचे मूत्राशय वापरून कुत्र्याच्या नीलेत द्रव सोडला. १८३२ च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा यांनी मरणोन्मुख रुग्णांच्या नीलांत क्षारयुक्त पाणी सोडले व त्यांपैकी काही वाचले. तथापि हे उपाय पृष्ठभागालगतच्या नीलांपुरतेच मर्यादित होते.

जर्मनीतील एबर्सव्हाल्डे येथे १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्या डाव्या कोपराजवळील नीलेतून मूत्रवाहिनीसाठी वापरली जाणारी नळी सु. ६५ सेंमी. आत सरकविली आणि चालत क्ष-किरण कक्षात जाऊन ती हृदयाच्या उजव्या अलिंदापर्यंत पोहोचल्याचे चित्र घेतले. आणीबाणीच्या प्रसंगी औषध थेट हृदयापर्यंत पोहोचविता यावे, हा त्यांचा हेतू होता. प्रारंभी उपेक्षित राहिलेल्या या कार्याबद्दल त्यांना १९५६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत विभागून मिळाले.

फ्रेंच शल्यचिकित्सक रोबेर ओबान्याक यांनी १९५२ मध्ये गळपट्टीच्या हाडाखालील नीलेत सुई घालण्याची रीत वर्णिली. १९५३ मध्ये स्वीडनचे स्व्हेन-ईव्हार सेल्डिंगर यांनी रोहिणीत सुईवाटे तार घालून तीवरून नळी सरकविण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पुढे ती नीलांसाठीही रूढ झाली. मोठ्या नीलेतील वेगवान रक्तप्रवाहात संहत द्रव त्वरित विरल होतो व नीलेच्या अस्तरास इजा कमी होते. या तत्त्वावर स्टॅन्ली डड्रिक व त्यांचे फिलाडेल्फियातील सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात केवळ नीलेवाटे संपूर्ण पोषण देणे शक्य असल्याचे सिद्ध केले.

असे पोषण रुग्णास घरी राहून घेता यावे, यासाठी नळी टिकाऊ असणे अवश्य होते. सिॲटल येथे ब्रोव्हिॲक, कोल व स्क्रिब्नर यांनी १९७३ मध्ये सिलिकोन रबराची नळी वर्णिली. ती त्वचेखालील बोगद्यातून नेलेली असून तीवर डेक्रॉनचे कडे असे. या कड्यात ऊतक वाढून नळी स्थिर होई व जंतूंना अडसर निर्माण होई. रॉबर्ट हिकमन यांनी १९७९ मध्ये अस्थिमज्जारोपणाच्या रुग्णांसाठी तिचे अधिक रुंद रूप प्रचारात आणले. दंडातील नीलेतून आत नेलेली सिलिकोन नळी १९७५ मध्ये हॉशल यांनी पोषणासाठी वापरली. १९८२ मध्ये त्वचेखाली पूर्णतः पुरलेल्या कुपीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तीत बाहेरून सुई टोचून औषध देतात व एरवी रुग्णास स्नानादी व्यवहार करता येतात.

ज्या मार्गाने औषध हृदयाजवळ जाते, त्याच मार्गाने जंतूही रक्तात शिरू शकतात. नीलेत गुठळी होणे हा दुसरा धोका होय. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या अतिदक्षता विभागांत हात धुणे, संपूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतील नीला टाळणे व अनावश्यक नलिका काढून टाकणे हे पाच साधे नियम काटेकोरपणे पाळण्यात आले. तेथे मध्यम विभागातील संसर्गाचे प्रमाण दर हजार नलिकादिनांमागे २·७ वरून शून्यावर आल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही निरीक्षणे मुख्यतः अल्पकालीन नलिकांविषयीची असली, तरी दीर्घकालीन नलिकेतही हाताळणीची स्वच्छता तितकीच निर्णायक ठरते.

अलीकडे श्राव्यातीत ध्वनिप्रतिमेच्या साहाय्याने न दिसणारी नीलाही अचूक गाठता येते. मात्र नलिकेमुळे नीला अरुंद होऊ शकते. म्हणून पुढे रक्तशोधनाची गरज पडण्याचा संभव असलेल्या मूत्रपिंडविकारी रुग्णांत दंडातील नलिका शक्यतो टाळतात व हाताच्या नीला राखून ठेवतात.