व्यवसायोपचार, सामाजिक देखभालीतील (इंग्लंड)

आजार, अपंगत्व किंवा वार्धक्यामुळे रोजची कामे अवघड झालेल्या व्यक्तीला ती स्वतःच्या घरात शक्य तितकी स्वतःच करता यावीत, यासाठी स्थानिक कौन्सिलमार्फत मिळणारी सेवा. ही सेवा देणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय हे पदनाम वापरता येत नाही.

कायदेशीर चौकट : अपंगांच्या घरी आवश्यक सोयी करून देण्याची जबाबदारी 1970 च्या कायद्याने कौन्सिलांवर आली. प्रौढांसाठी आता केअर अ‍ॅक्ट 2014 लागू आहे. स्वच्छता, शौच, कपडे घालणे, घरात सुरक्षित वावरणे, कामधंदा अशा निकषांपैकी किमान दोन बाबतींत व्यक्ती अडत असेल आणि त्याचा तिच्या स्वास्थ्यावर मोठा परिणाम होत असेल, तर तिला साहाय्याचा हक्क मिळतो.

कार्यपद्धती : कामाचा गाभा म्हणजे गृहभेट. थेरपिस्ट नुसती विचारपूस करून थांबत नाहीत. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, चहा करणे ही कामे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगतात. गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजून खुर्चीची उंची ठरते. पक्षाघाताने डावा हात लुळा पडला असेल, तर न्हाणीघरातला आधारदांडा उजव्या हाताला सापडेल असाच बसवावा लागतो. भिंत तो भार पेलेल का, हेही पाहिले जाते. बाथटबची कड ओलांडता येत नसेल, तर आधी त्यावर आडवी फळी टाकून पाहतात. तेवढ्याने भागले नाही, तर टब काढून बिनउंबऱ्याचा शॉवर सुचवतात. उचलयंत्र वापरण्याचे शिक्षण घरच्यांना आणि देखभाल कर्मचाऱ्यांना देणे हेही याच कामात येते.

खर्च : साधने आणि 1,000 पौंडांपर्यंतचे किरकोळ बदल विनामूल्य मिळतात. मोठ्या बदलांसाठी डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँटमधून 30,000 पौंडांपर्यंत अनुदान मिळते. प्रौढांचे उत्पन्न व बचत त्यासाठी तपासली जाते, मुलांच्या बाबतीत अशी तपासणी नसते. बदल गरजेचा व योग्य आहे का, याबद्दलचे थेरपिस्टचे मत या निर्णयात महत्त्वाचे ठरते.

शिक्षण : ब्रिटनमधील या विषयाची पहिली शाळा, डॉर्सेट हाउस, डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनी 1930 मध्ये ब्रिस्टल येथे काढली. भारतातील पहिली शाळा कमला निंबकर यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली. भारतात हा उपचार आजही मुख्यतः रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे आणि विशेष शाळांमधून मिळतो.

महत्त्व : वेळेवर बसवलेला दांडा किंवा रॅम्प पडझड टाळतो आणि घरच्यांच्या पाठीवरचा भार हलका करतो. मंजुरी व बांधकाम रखडले, तर माणसाला स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी अंग पुसून दिवस काढावे लागतात. म्हणून घर बदलून होईपर्यंतची तात्पुरती सोय लावणे, हाही थेरपिस्टच्या कर्तव्याचाच भाग मानायला हवा.